वाऱ्याचा वेग आणि गरम नळी

वैमानिकावाचून उडणाऱ्या यंत्राला आपण आता सरसकट ‘ड्रोन’ म्हणू लागलो आहोत; परंतु या एका नावाखाली दोन निराळ्या जाती नांदतात. लग्नसमारंभात डोक्यावर घोंघावणारे चार पंख्यांचे यंत्र पंख्यांच्या जोरावर तरंगते. दुसरी जात पसरट पंखांची. ती लांब पल्ल्याच्या पाहणीला उपयोगी पडते. मात्र तिच्या पंखांवरून पुरेसा वारा वाहिला नाही तर ती कोसळते. जमिनीच्या मानाने तिचा वेग किती, हे उपग्रहांवरून कळते. वाऱ्याच्या मानाने किती, ते कळत नाही. ताशी 40 किलोमीटरचा वारा पाठीशी घेऊन ताशी 60 किलोमीटर धावणारे विमान वस्तुतः 20 च्याच वेगाने हवा कापीत असते.

हा वेग मोजण्याची युक्ती जुनी आहे. 1732 साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सेन नदीत वाकवलेली काचेची नळी धरली आणि तीत चढलेल्या पाण्यावरून प्रवाहाचा वेग काढला. विमानाच्या तोंडाशी आजही तीच नळी असते. पाण्याच्या जागी हवा आली, इतकेच. परंतु हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सेकंदाला 15 मीटर वेगाने उडणाऱ्या छोट्या विमानाच्या नळीत जेमतेम 14 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब येतो. वेग निम्मा झाला की तो साडेतीनवर उतरतो. याउलट, या कामी पुष्कळ वापरल्या गेलेल्या एका दाबमापक चकतीचा आवाका सातशे मिलिमीटरांचा आहे. धानाच्या पोत्यांच्या काट्यावर सोने तोलावे, तशातला हा प्रकार!

पहिल्या पिढीत नळी साधी होती आणि संवेदकाचे शून्य उन्हाबरोबर सरकत असे. दुसरीत आकडा अंकांच्या रूपाने येऊ लागला आणि तापमानाची दुरुस्ती आपोआप होऊ लागली. तिसरीत नळीच्या तोंडात तापक आला. तो अखंड जळणारा. दहा वॅटचा धरला तरी दोन तासांत वीस वॅट-तास खाणारा. त्यानंतरच्या पिढीत तापकाशेजारी तापमापक बसला. थंडी असेल तेवढीच ऊब द्यायची, आणि तापक बंद पडला तर तसे कळवायचे. माझ्या मते खरी प्रगती या शेवटच्या कळवण्यात आहे.

असे का म्हणतो, ते मोठ्या विमानांच्या एका दुर्घटनेवरून पटेल. 1 जून 2009 रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि 228 माणसे गेली. त्याच्या तिन्ही नळ्या तापवलेल्याच होत्या. तरीही अतिउंचावरील हिमकणांनी त्या सुमारे मिनिटभर तुंबल्या, आकडे खोटे झाले, स्वयंचालक सुटला आणि गोंधळलेल्या वैमानिकांच्या हातून विमानाचा आधार गेला. नळ्या पुढे मोकळ्या झाल्या होत्या! त्याच जातीची सुधारलेली नळी बसवावी, अशी शिफारस निर्मात्याने 2007 सालीच केली होती. दुर्घटनेनंतर जुनी जात या प्रकारच्या विमानांतून काढून टाकावी लागली.

छत्तीसगडला यातले काय घ्यायचे? 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रातील उड्डाण 120 मीटरपर्यंतच मोकळे आहे, आणि रायपूरच्या पावसाळ्यात हवा गोठण्याइतकी थंड होते ती सुमारे पाच किलोमीटरांवर. म्हणजे बर्फाची गाठ आपल्याला पडायची नाही. नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीशी भारतीय सेनेने जानेवारी 2021 मध्ये उंच प्रदेशांसाठी ‘स्विच’ विमानांचा करार केला. तिकडचे प्रश्न निराळे. आमच्याकडे शत्रू आहे पाऊस. एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात अडकलेला थेंब पृष्ठताणाच्या बळावर वर सांगितलेल्या 14 मिलिमीटरांहून अधिक दाब थोपवू शकतो. आकडा तेथेच थिजतो, आणि यंत्र बापडे त्यावर विश्वास ठेवून वेग कमी करीत जाते.

म्हणून खरेदीच्या अटींत नुसते ‘तापणारी नळी’ असे लिहून भागत नाही. पाणी निथळण्याचे छिद्र आहे काय, तापकाची ऊब संवेदकाचे शून्य हलवीत नाही ना, आणि नळीचा आकडा उपग्रहाच्या वेगाशी विसंगत दिसताच विमान तिला बाजूस सारते काय, हे विचारले पाहिजे. शेतात राबणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून ही विमाने जाणार आहेत. किमतीच्या तक्त्यात तो रकाना नसतो.

आणि एक कापडी टोपी मागून घ्यावी. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले एक प्रवासी विमान 189 माणसांसह समुद्रात पडले. कित्येक दिवस टोपीवाचून उभ्या राहिलेल्या त्या विमानाच्या एका नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. ही माशी आमच्याकडेही पुष्कळ आहे, आणि तिच्या मातीपुढे कोणत्याही पिढीच्या तापकाचे काही चालत नाही.