असिसीची संत क्लारा

इटलीतल्या असिसी गावी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, एका उमराव घराण्यात क्लाराचा जन्म झाला.
घरात कशाचीच ददात नव्हती.

पण श्रोतेहो, तिला ओढ लागली फ्रान्सिसच्या शिकवणुकीची.
कापडाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा सर्वस्व सोडून गरिबीत राहत होता.

सन १२१२.
झावळ्यांच्या रविवारची रात्र.
क्लारा घरातून गुपचूप निघाली.
फ्रान्सिसने स्वतः तिचे केस कापले.
उंची वस्त्रे गेली, अंगावर जाडाभरडा झगा आला.

नातेवाईक तिला परत न्यायला आले.
तिने वेदीवरचे वस्त्र घट्ट धरले, आणि केस कापलेले डोके उघडे करून दाखवले.
ते हात हलवत परतले.

पुढची सुमारे चाळीस वर्षे ती सान दामियानोच्या लहानशा मठात राहिली.
मागून बहीण आली, पुढे आईही आली.

इथे एक गोष्ट नीट ऐकावी.
क्लाराला मठाच्या नावावरही मालमत्ता नको होती.
जमीन नको, उत्पन्न नको.
हे धाडस लहान नव्हते.
त्या काळी स्त्रियांचे मठ जमिनीच्या उत्पन्नावरच चालत.
पोप नववे ग्रेगरी यांनी मालमत्ता देऊ केली.
तिने नम्रपणे, पण ठाम नकार दिला.

मालमत्ता नको, हेच तिने मठाच्या नियमावलीत लिहिले.
धर्मभगिनींसाठी एका स्त्रीने लिहिलेली, चर्चने मान्य केलेली ही पहिली नियमावली.

१२५३ च्या ऑगस्टमध्ये पोपची मान्यता आली, तेव्हा क्लारा मृत्युशय्येवर होती.
दोनच दिवसांत तिने प्राण सोडला.
दोन वर्षांनी तिला संतपद मिळाले.

तिच्या परंपरेतल्या धर्मभगिनींना ‘पुअर क्लेअर्स’ म्हणतात.
त्यांचे मठ आज जगभर आहेत, भारतातही आहेत.