हक्काची जागा आणि औचित्याची जागा



२३ एप्रिल २०२५ चा दिवस डोंबिवली विसरलेली नाही. आदल्या दिवशी पहलगामजवळच्या बैसरणच्या कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, एकाच नातेगोत्यातले. त्यांचे पार्थिव भागशाळा मैदानावर अंत्यदर्शनासाठी ठेवले, तेव्हा ज्यांचा त्या कुटुंबांशी काडीचाही परिचय नव्हता अशी माणसे रांगेत उभी होती. बैसरण डोंबिवलीपासून शेकडो कोस दूर असले, तरी त्या दिवसापासून ते कुरण या शहराच्या मनातले झाले. उद्या त्या कुरणाच्या कडेला कोणी काही बांधू म्हटले, मग ते काहीही असो, तर डोंबिवलीकर सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आधी विचारणार नाही. 'त्या घरच्यांना विचारले का?' असे तो विचारील.

न्यूयॉर्कमध्ये २०१० साली हाच प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. त्या वादाविषयी मराठी वाचकांपर्यंत बहुतेक घोषणाच पोहोचल्या, तपशील फारसे पोहोचले नाहीत. ते पाहण्यासारखे आहेत.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,९७७ निरपराध माणसे मारली गेली. जुळ्या मनोऱ्यांच्या जागेपासून दोन चौकांवर पार्क प्लेस नावाच्या रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातली एक जुनी इमारत होती. तीत कपड्यांचे दुकान चाले. मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाच्या चाकांचा सांगाडा उडून या इमारतीच्या छपरातून आत घुसला. दुकान बंद पडले आणि इमारत तशीच राहिली. २००९ साली एका मुस्लीम विकासकाने ती विकत घेतली. इमाम फैसल अब्दुल रऊफ यांच्या पुढाकाराने तेथे १३ मजल्यांचे इस्लामी केंद्र उभे करण्याची योजना जाहीर झाली. त्यात सभागृह, पोहण्याचा तलाव आणि नमाजाची जागा असणार होती. हल्ल्यातील मृतांचे स्मारकही योजनेत होते. अंदाजे खर्च दहा कोटी डॉलर. पहिले नाव ठेवले 'कॉर्डोबा हाऊस', पुढे ते 'पार्क ५१' झाले.

मे २०१० मध्ये स्थानिक नागरी मंडळाने २९ विरुद्ध १ मतांनी योजनेला अनुकूलता दर्शविली. दहा जण तटस्थ राहिले. ३ ऑगस्ट रोजी वारसा वास्तू आयोगाने जुन्या इमारतीला संरक्षण नाकारले, म्हणजे ती पाडण्याची वाट मोकळी झाली. त्याच दिवशी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाठीशी दिसेल अशा जागी उभे राहून धर्मस्वातंत्र्यावर भाषण केले. जनमत चाचण्यांत मात्र अमेरिकनांचे स्पष्ट बहुमत विरोधात होते. मृतांच्या कुटुंबांमध्येही दोन तट पडले.

या सगळ्या गदारोळात नेमका मुद्दा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या तोंडून निसटला, असे म्हणावे लागेल. १३ ऑगस्टला व्हाइट हाऊसमधल्या इफ्तारच्या भोजनात त्यांनी मुस्लिमांच्या बांधकामाच्या हक्काचे समर्थन केले. दुसऱ्याच दिवशी खुलासा केला की, आपण हक्काविषयी बोललो, तेथे बांधणे शहाणपणाचे आहे की नाही याविषयी नाही. वृत्तपत्रांनी याला माघार म्हटले. वस्तुतः वाद तेथेच सुरू व्हायला हवा होता. हक्क आहे, हे विरोधकांतील विचारी मंडळींनी कधीच नाकारले नव्हते. जमीन विकत घेतलेली, नकाशे नियमात, राज्यघटना बाजूने. मग उरतो तो औचित्याचा प्रश्न, आणि त्यावर निवाडा देणारे न्यायालय जगात कोठेही नाही.

हा प्रश्न केवळ मुस्लिमांपुढेच उभा राहतो असे नाही. १९८४ साली पोलंडमध्ये काही कार्मेलाइट पंथीय ख्रिस्ती जोगिणी ऑश्विट्झच्या छळछावणीला लागून असलेल्या एका इमारतीत राहावयास आल्या. मृतात्म्यांसाठी प्रार्थना करणे हा त्यांचा हेतू. त्यात काय वावगे होते? ऑश्विट्झमध्ये हजारो पोलिश ख्रिस्तीही मारले गेले होते. पण तेथे मारल्या गेलेल्या सुमारे अकरा लाखांपैकी दहा लाख ज्यू होते, आणि ज्या इमारतीत मठ थाटला, तीत त्या काळी विषारी वायूचे डबे साठविले जात. ज्यू समाज व्यथित झाला. १९८७ साली जिनेव्हात दोन्ही धर्मांच्या धुरीणांची बैठक होऊन दोन वर्षांत मठ हलविण्याचे ठरले. पण मुदत टळली. १९८९ साली अमेरिकेतून आलेले एक रब्बी आणि त्यांचे सहकारी कुंपण ओलांडून आत शिरले, तेव्हा झटापट झाली. कटुता विकोपाला गेली. अखेर १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोगिणींना पत्र लिहून जागा सोडण्यास सांगितले.

पोप स्वतः पोलिश. मठ पोलिश भूमीवर, पोलंड बहुसंख्य कॅथलिक, कायदा आड येत नव्हता. जोगिणींचा हेतू वाईट होता असे कोणी सिद्ध केले नव्हते. तरीही त्या निघून गेल्या, आणि त्यामुळे कॅथलिक पंथ लहान झाला असे कोणाला वाटले नाही. न्यूयॉर्कच्या इमामसाहेबांपुढे हे उदाहरण होते. जागा बदलण्यास साहाय्य करण्याची तयारी राज्याच्या गव्हर्नरांनी दर्शविली होती. ती स्वीकारली गेली नाही. हेच त्या प्रकरणातले दुखणे आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ती न ऐकणारा स्वतःचीच बाजू कच्ची ठेवतो. मनोऱ्यांत मेलेल्यांत मुस्लीमही होते. पाकिस्तानी वंशाचा एक २३ वर्षांचा तरुण, पोलीस दलाचा प्रशिक्षणार्थी, मदतीला धावला आणि तेथेच मेला. त्याचे अवशेष सापडेपर्यंत संशय मात्र त्याच्यावरच घेतला गेला. बैसरणमध्येही पर्यटकांबरोबर एक स्थानिक मुस्लीम घोडेवाला मारला गेला होता. शिवाय त्या परिसरात एक मशीद १९७० पासून होतीच, आणि हल्ला झालेल्या पेंटागॉनमध्ये, विमान आदळले त्याच बाजूच्या प्रार्थनागृहात, मुस्लीम कर्मचारी नमाज पढतात. त्यावर कोणी मोर्चे काढले नाहीत.

का काढले नाहीत, हे महत्त्वाचे आहे. जखमेजवळ बसून मूकपणे प्रार्थना करणे वेगळे आणि जखमेजवळ तेरा मजली वास्तू उभी करणे वेगळे. नावाचा प्रश्नही किरकोळ नव्हता. पुरस्कर्त्यांच्या मते कॉर्डोबा म्हणजे मुस्लीम, ख्रिस्ती आणि ज्यू एकत्र नांदले ते स्पेनमधले शहर. विरोधकांना आठवली ती तेथली भव्य मशीद, जी परंपरेनुसार जुन्या चर्चच्या जागेवर आठव्या शतकात उभी राहिली आणि १२३६ नंतर पुन्हा चर्च झाली. एकाच शब्दात दोन समाजांना दोन इतिहास ऐकू येतात, हे भारतात कोणाला समजावून सांगायला नको! पुढे नाव बदलले, यातच त्याची कबुली आहे.

'अँटी-डिफेमेशन लीग' या ज्यू संघटनेने २०१० साली जागेला विरोध केला होता. २०२१ साली तिच्या प्रमुखांनी 'आमचे चुकले' म्हणून क्षमा मागितली. त्या विरोधाआडून मुस्लीमद्वेष बोकाळला, हे त्यांचे कारण. कारण खरे आहे, निष्कर्ष पटणारा नाही. फ्लोरिडातल्या एका पाद्रीने त्याच सप्टेंबरात कुराण जाळण्याची घोषणा केली, पुढे २०११ साली ते जाळलेही. त्यावरून अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफ येथे जमावाने संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयातली माणसे ठार मारली. ना पाद्रीचे काही बिघडले, ना न्यूयॉर्कच्या शोकग्रस्तांना काही मिळाले. २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांत ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थाचा खून पडला, तोही पगडी पाहून. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हे ध्यानी ठेवलेले बरे. प्रार्थनास्थळांना आडकाठी करणाऱ्या नगरपालिकांविरुद्ध अमेरिकेने २००० साली केलेला कायदा मशिदीला जसा उपयोगी पडतो, तसाच देवळालाही. हक्काला हात लावला तर तो सर्वांच्याच हातून जातो. विरोध औचित्यापुरता ठेवायचा, तो याचसाठी.

कल्याणला या संयमाची सवय आहे. १६५७ साली शिवरायांनी कल्याण घेतले आणि खाडीकाठचा दुर्गाडी इतिहासात आला. त्या किल्ल्यावरील देवीचे मंदिर आणि ईदगाह यांचा दावा १९७६ साली न्यायालयात गेला. ईदला नमाजाच्या वेळी मंदिरात प्रवेश बंद होई. त्याविरुद्ध १९८० च्या दशकात आनंद दिघे यांच्या नेतृत्वाखाली घंटानादाचे आंदोलन सुरू झाले. कल्याणकर वर्षानुवर्षे पायथ्याशी उभे राहून घंटा वाजवीत राहिले आणि तारखाही मोजीत राहिले. १० डिसेंबर २०२४ रोजी कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने मशीद न्यासाचा दावा फेटाळला. ४८ वर्षे लागली. अर्थात तेथे वाद मालकीचा होता, म्हणून न्यायालय काही बोलू शकले. पार्क प्लेसवर मालकी निर्विवाद होती, म्हणून ते काम समाजावर येऊन पडले, आणि समाज ते नीट पार पाडू शकला नाही.

तेरा मजली केंद्र कधी झालेच नाही. २०११ साली जुन्या इमारतीत एक छोटे प्रदर्शन भरले, नमाजही होत राहिला. पुढे इमारत पडली आणि त्या जागी आलिशान सदनिकांचा उंच मनोरा आला. हल्ल्यात चिरडले गेलेले सेंट निकोलस हे छोटे ग्रीक चर्च मात्र वर्षानुवर्षे परवानग्या आणि पैशांत अडकून पडले. त्याचे पुनःप्रतिष्ठापन व्हायला ४ जुलै २०२२ उजाडला. ज्या शहरात केंद्राच्या बाजूने आणि विरोधात इतकी भाषणे झाली, तेथे या चर्चसाठी फार थोड्यांनी आवाज उठविला.

एप्रिल २०१३ मध्ये पार्क प्लेसवरील त्याच जागेच्या मागे, दोन इमारतींमधल्या हातभर रुंदीच्या बोळात, विमानाच्या पंखाचा एक गंजलेला तुकडा सापडला. बारा वर्षे तो तेथेच होता. तेथे मानवी अवशेष असतील का, हे पाहण्यासाठी शहराच्या अधिकाऱ्यांनी त्या बोळाची तपासणी केली. मनोऱ्यांत मेलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांच्या घरी अजूनही ओळख पटलेला एक अस्थिखंडसुद्धा पोहोचलेला नाही.