रस्ता कोणाच्या बापाचा?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं आधी आभार मानायचे असतात. ते मी मानतो आणि लगेच भांडणाला सुरुवात करतो. आत्ताच स्वागताध्यक्षांनी पालिकेच्या विभाग कार्यालयाचे जाहीर आभार मानले. संमेलनासाठी परिसर स्वच्छ करून दिला म्हणून. टाळ्याही पडल्या. परिसर कसा स्वच्छ झाला ते या मंडपातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आपली ग्रंथदिंडी सकाळी ज्या उड्डाणपुलाखालून निघाली, तिथं पारध्यांची बिऱ्हाडं होती. गजरे ओवणारी आणि सिग्नलला विकणारी माणसं. परवा पालिकेची गाडी आली. ताडपत्र्या, भांडी, अंथरुणं, पोरांची दप्तरं डंपरमध्ये गेली आणि काल त्याच खांबांवर संतांची चित्रं रंगवली गेली. तुकोबा छान उतरलेत. पण हे आभार माझ्या नावावर मांडू नका.

मराठी भाषेच्या भवितव्यावर बोला, अशी सूचना मला होती. त्या विषयावर गेली कित्येक वर्षं सगळे बोलत आहेत, आणखी एकानं न बोलल्यानं भाषेचं काही बिघडणार नाही. मी फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

जुलै १९८१. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवणार. भर पावसाळ्यात झोपड्या मोडल्या गेल्या आणि माणसांना कशात कोंबलं? आपल्याच एसटीत. त्या प्रवासात दोन बाळं जन्माला आली आणि दोन माणसं मेली, असं याचिकाकर्त्यांनी सांगितलं आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. ज्या लाल गाडीवर मराठीत इतक्या हळव्या कविता झाल्या, तिच्या या फेरीवर एकही झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्या याचिकेतला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. १९६१ साली दुष्काळाला कंटाळून मुंबईला आलेला. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात तेवीस रुपये रोजानं कामाला होता. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक आणि कॅनव्हासचं एक खोपटं मिळवण्यासाठी त्यानं तिथल्या दादाला अडीच हजार रुपये मोजले होते. हिशेब करा. शंभराहून अधिक दिवसांची मजुरी. बायको आणि तीन मुली त्या खोपट्यात राहत होत्या. पालिकेनं ते पाडलं, कुटुंबाला सेलमच्या गाडीत बसवलं, आणि तो काम शोधायला परत मुंबईत आला आणि पुन्हा पदपथावरच राहिला. ‘फुकटे’ म्हणणाऱ्यांनी हा अडीच हजारांचा आकडा लक्षात ठेवावा. त्या काळी चाळीत राहणारे आपल्यातले कितीतरी लोक ठरलेल्या जुन्या भाड्यात महिना काढत होते.

पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले, म्हणून हे सगळं कागदावर आलं. १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या तोंडावर, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं. पदपथावरची माणसं तिथं हौसेनं राहत नाहीत, परिस्थितीनं तिथं आणून टाकली जातात, हेही मान्य केलं. हा निकाल जगभर शिकवला जातो आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण निकालाचा शेवट किती जणांनी वाचलाय? पालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं कलम ३१४, ज्याच्या आधारे आयुक्त नोटीस न देता पदपथ मोकळा करू शकतात, ते वैध ठरलं. नोटीस देणं हाच नियम असला पाहिजे असं सांगितलं खरं, पण या माणसांचं म्हणणं आम्ही इथं ऐकूनच घेतलंय, तेव्हा पुन्हा सुनावणी नको, असाही निवाडा झाला! १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना मालवणीला किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी, मात्र ती देणं ही हटवण्याची पूर्वअट नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा आणि मग काढा.

म्हणजे हक्क मिळाला, जागा नाही मिळाली. आणि जी सुचवली ती मालवणीत. क्रॉफर्ड मार्केटात पहाटे पाट्या उचलणाऱ्या हमालाला मालाडच्या टोकाला नेऊन ठेवायचं. पहिली लोकल पकडून तो पोचेपर्यंत मालाच्या गाड्या रिकाम्या झालेल्या असतात. भायखळ्याच्या परिसरात निकालाच्याच वर्षी पदपथावरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी झाली होती. तिच्यातून दिसलं ते हेच, की बहुतेक जण कामावर चालत जातात. पदपथावर राहण्याचं कारण इतकं साधं आहे. काम जिथं आहे तिथं भाडं परवडत नाही आणि भाडं जिथं परवडतं तिथं काम नाही.

पुढची पायरी तर उतरतीच होती. २००० साली कचऱ्यासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की सरकारी जमिनीवर बसलेल्याला पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखं आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्याला न्यायालयानं परिस्थितीचा बळी मानलं होतं, तो पाकीटमार झाला. आणि १३ नोव्हेंबर २०२४चा तो गाजलेला बुलडोझर निकाल? आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती गवईंच्या खंडपीठानं बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं, घर म्हणजे काय असतं ते मनापासून सांगितलं. मी त्यांचं स्वागतच करतो. पण त्याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची कड, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. ज्याचं पक्कं घर आहे त्याला पंधरा दिवस. ज्याची ताडपत्री आहे त्याला गाडीचा हॉर्न.

आता कोणी म्हणेल, अध्यक्ष महाराज, फूटपाथ चालण्यासाठी असतो. कबूल. माझेही गुडघे दुखतात आणि मलाही रस्त्यात उतरून बसगाड्यांच्या अंगाला लागून जावं लागतं. माणसानं पदपथावर संसार मांडावा असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही, तिथं झोपणारा तर मुळीच म्हणणार नाही. पण माझ्या गल्लीत पदपथ कोणी अडवला आहे ते मी मोजून पाहिलं. मोटारींनी. रात्रभर, फुकट, अंगावर कापडी आच्छादन घालून निवांत झोपलेल्या मोटारी. एका मोटारीला पार्किंगसाठी सव्वाशे चौरस फूट तरी लागतात. केंद्र सरकारच्या शहरी निवारा योजनेत एका माणसाला पन्नास चौरस फूट धरले होते. एका मोटारीच्या जागेत दोन माणसं झोपतील आणि कूस बदलायला जागा उरेल. त्या मोटारींची गादी-उशी डंपरमध्ये गेलेली मी अजून पाहिली नाही.

आणि सार्वजनिक जमिनीचंच बोलायचं तर महालक्ष्मीला चला. रेसकोर्सच्या दोनशेहून अधिक एकर जमिनीचा भाडेकरार २०१३ साली संपला. मुदत संपल्यावर बसून राहणाऱ्याला आपण काय म्हणतो? तिथं अतिक्रमण निर्मूलनाची गाडी गेली नाही. दहा वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या, घोडे धावत राहिले आणि २०२४ मध्ये एक्याण्णव एकर पुन्हा रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबलाच मिळाले. उरलेल्या जागेत उद्यान होणार आहे, चांगलं आहे. गिरण्यांच्या जमिनीचं तर विचारूच नका. १९९१च्या नियमात एक तृतीयांश शहराला, एक तृतीयांश म्हाडाला असा वाटा होता. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. परळ-लोअर परळचे टॉवर बघताना तो वाटा कुठं गेला ते कोणालाही विचारावं लागत नाही. पालिका आणि सरकार या जमिनीचे राखणदार आहेत, मालक नव्हेत. राखणदारानं एकासाठी दहा वर्षं चहा मागवायचा आणि दुसऱ्याची पातेली लाथाडायची, याला मी कायद्याचं राज्य म्हणणार नाही.

‘परप्रांतीय’ हा दुसरा आक्षेप. माझ्याच बाजूचे लोक तो जास्त जोरात घेतात, म्हणून मी जास्त जोरात उत्तर देतो. सेलमच्या मजुराचा हक्क कमी होत नाही, हे आधी सांगून टाकतो. पण या पुलाखालची माणसं कुठली होती ते पाहिलं का कोणी? मराठवाड्यातली.  १८७१ पासून इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली स्वतंत्र भारतानं ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसला, त्यांची नातवंडं-पतवंडं. शिक्का पुसला गेला तरी १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहेच. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यात फिरतोय, एवढ्यावर पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरता हा कायदा मोडीत काढला. कायदा मुळात मुंबईचा, आणि मुंबईत तो जिवंत आहे.

मग त्यांनी जायचं कुठं? २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री जनगणनावाल्यांनी बेघर मोजले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक आणि बृहन्मुंबईत सत्तावन्न हजारांवर. एका रात्रीत, उजेड नसलेल्या ठिकाणी मोजलेली ही संख्या, म्हणजे कमीतच कमी. निकष असा, की एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा हवा. मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे. आज ते तेवढे नाहीत, हे व्यासपीठावरचे अधिकारीही नाकारणार नाहीत. पण समजा उद्या सगळे उभे राहिले, तरी साडेबारा हजार माणसं आत आणि पंचेचाळीस हजार बाहेर. बाहेरच्या त्या पंचेचाळीस हजारांना तुम्ही कोणत्या कायद्यानं आणि कुठं हलवणार आहात?

आता आपल्याकडे येतो. नारायण सुर्वे रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून घरी नेलं. तेच सुर्वे १९९५ साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि आपण त्यांना खांद्यावर घेतलं. ‘उपरा’ या आत्मकथनाला १९८१चा, ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपली छाती फुगली. ‘माहीमची खाडी’ आणि ‘चक्र’ या कादंबऱ्या आपल्या अभ्यासक्रमांत फिरल्या, परीक्षेत झोपडपट्टीच्या वास्तवावर पंधरा गुणांचे प्रश्न आले. पालावरच्या आणि पदपथावरच्या माणसानं आपल्या साहित्याला गेल्या साठ वर्षांतलं सर्वांत जिवंत गद्य दिलं. बदल्यात आपण त्याला काय दिलं? परिसंवाद. आणि काल तर त्याच्या अंथरुणावर आपण मांडव घातला.

या मंडपात बसून मी फक्त संताप व्यक्त केला तर तोही एक परिसंवादच होईल. म्हणून संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. चालत जाण्याच्या अंतरात निवारा दाखवल्याशिवाय रस्त्यावरच्या कोणत्याही कुटुंबाला हलवू नये. जप्त केलेल्या सामानाचा पंचनामा करून पावती द्यावी आणि रेशनकार्ड, आधारकार्ड, शाळेचे दाखले, औषधं जागच्या जागी परत करावीत, कारण कागद गेला की माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करतो. साहित्य संमेलनासाठी, आपल्या किंवा कोणाच्याही, अशी सफाई यापुढे होऊ नये. आणि परवा जे सामान उचललं ते कोणत्या गोदामात आहे, हे अधिवेशन संपायच्या आत विभाग कार्यालयानं इथं येऊन सांगावं.

हा ठराव राजकीय आहे, अशी चिठ्ठी मला आत्ताच आली आहे. आहेच तो राजकीय. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक पाहिजे. संध्याकाळी सहा वाजता ज्यांना हात वर करायचा आहे, त्यांनी चहाच्या सुट्टीत निघून जाऊ नये.