उलटी किती वाजता झाली?

जाहिरातीत विषय होता ‘किरणोत्सार आणि आपलं शरीर’. खर्डीच्या व्याख्यानमालेत वक्ते बोलले मात्र भंगारावर. किरणोत्सार सुरक्षेच्या कामातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचं मत पक्कं होतं: लोक तारापूरच्या अणुवीज केंद्राला भितात, वजनकाट्यावरच्या अनोळखी धातूला भीत नाहीत.

“अणू, गॅमा किरण हे तुमचं दहावीला झालंय,” म्हणत त्यांनी तो भाग ओलांडला. “आम्ही तिथेच अडकलो होतो,” मागून आवाज आला आणि मंडप हसला.

किरणोत्सारानं होणाऱ्या आजाराकडे ते लगेच वळले. शरीरानं शोषलेला किरणोत्सार ग्रे या एककात मोजतात. थोड्या वेळात सगळ्या अंगाला एक ग्रेहून जास्त मात्रा बसली, की मळमळ आणि उलट्या सुरू होतात. दोन ते चार ग्रेला तासा-दोन तासांत, सहाच्या वर अर्ध्या तासातही. मग माणूस सावरतो, कामावर जातो. डॉक्टरही इथेच फसतो. आत अस्थिमज्जेचं काम थंडावलेलं असतं. लिम्फोसाइट पहिल्या दोन दिवसांतच घटतात. बाकीच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काही आठवड्यांनी तळ गाठतात. ताप, हिरड्यांतून रक्त, केस गळणं हे त्या सुमाराचं. मात्रा फार मोठी असेल, तर आतड्याचं अस्तर नव्यानं तयार होत नाही. उलटी जितकी लवकर, तितकी मात्रा मोठी; म्हणून केसपेपरवर उलटीची वेळ लिहा, हा त्यांचा हट्ट.

एक उदाहरण म्हणून ब्राझीलच्या गोयानियात शिरले ते तिथेच रमले. सप्टेंबर 1987. ओस पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी किरणोपचाराच्या यंत्राचं डोकं काढून नेलं. त्यांना उलट्या झाल्या, निदान झालं ते खाण्यातून बाधल्याचं. भंगारवाल्यानं ते डोकं विकत घेतलं. आतल्या सीझियम-137 ची निळी चमक पाहून त्यानं ती पूड नातेवाइकांना वाटली. आजारी पडणारे सगळे त्या वस्तूपाशी येतात, हे ताडलं त्याच्या बायकोनं. ती वस्तू पिशवीत घालून ती बसनं आरोग्य खात्यात घेऊन गेली. या प्रकरणात चौघे दगावले, त्यांत तीही होती. 1,12,000 लोक तपासले, 249 जणांवर किरणोत्सारी अंश सापडला. वक्त्यांच्या लेखी खरं निदान तिचंच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दिल्लीच्या मायापुरीचं प्रकरण मग पाच मिनिटांत आटोपलं: विद्यापीठानं 2010 मध्ये लिलावात काढलेलं जुनं यंत्र, आत कोबाल्ट-60, भंगारबाजारात एक मृत्यू. एकानं तर तुकडा पाकिटात ठेवला होता!

“आणि मोबाइलचा टॉवर?” प्रश्न आला. वक्ते जरा चिडलेच. त्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद नसते, एवढं सांगून म्हणाले, “मी भंगारात आलेल्या, शिसं लावलेल्या जड डब्याबद्दल बोलतोय, तुम्ही मला टॉवरवर चढवताय.”

“पेशंटला हात लावला तर आपल्याला होतं का?” एका आशाताईंनी विचारलं. कोबाल्टच्या बंद तुकड्याचे किरण बाहेरून लागले असतील तर नाही. सीझियमची पूड अंगावर असेल तर आधी कपडे उतरवायचे, अंग धुवायचं. पोटात गेलेल्या सीझियमवर गोयानियात प्रशियन ब्लू दिलं होतं, ते कसं काम करतं हे सांगायला त्यांनी सुरुवात केली. तोवर आभाराला उठलेले चिटणीस माइकपाशी पोहोचले होते. कसाऱ्याहून येणारी लोकल गाठायची होती.