न उगवलेल्या बियाण्याची जबाबदारी



बिघडलेला पंखा दुकानात परत नेता येतो. पेरलेले बियाणे परत नेता येत नाही. मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरावे आणि आठ-दहा दिवसांनी रानात तुरळकच कोंब दिसावेत, अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती रिकामी पिशवी तेवढी उरते. पुष्कळ घरांत तीही उरत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ साली झाला, त्यानंतर अशा तक्रारी ग्राहक मंचांपुढे येऊ लागल्या. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज दोष सिद्ध होत नाही, हा पुरवठादारांचा नेहमीचा बचाव. कायद्याच्या शब्दांना तो धरून होता, शेतीच्या व्यवहाराला नव्हता. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धच्या आंध्र प्रदेशातील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी तो अमान्य केला. शेतकरी सर्व बियाणे पेरून टाकतो. तपासणीसाठी त्याने काही राखून ठेवावे, ही अपेक्षा रास्त नाही. बियाणे निर्दोष असल्याचे निगमाला दाखवायचे होते, तर नमुना तपासून घेण्याचा अर्ज त्यालाच करता आला असता. पिकाचे उत्पन्न विकतो म्हणून शेतकरी व्यापारी ठरत नाही, आणि १९६६ च्या बियाणे अधिनियमात भरपाईची सोय नसल्याने ग्राहक कायद्याचा मार्ग त्याला खुला आहे, हेही त्याच निकालाने स्पष्ट झाले.

२० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा अधिनियम अमलात येऊ लागला. त्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. दिलेल्या हमीप्रमाणे माल नसेल, तर हमी देताना हयगय वा लबाडी नव्हती, एवढ्यावर उत्पादकाची सुटका होत नाही. ‘माल वरून आला’ असे सांगणारा दुकानदारही प्रत्येक वेळी मोकळा राहत नाही. त्याने स्वतंत्र हमी दिली असेल, मालात फेरफार केला असेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर तो उत्तरदायी ठरतो. सुटे बियाणे साध्या चिठ्ठीवर विकण्याची रीत अनेक बाजारांत आहे; तिचा धोका आता विकणाऱ्यालाही आहे.

तक्रार शेतकऱ्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. खरी अडचण निराळीच आहे. वापसा जाण्यापूर्वी दुबार पेरणी करावी लागते, आणि कुळव फिरला की पुरावा नाहीसा होतो. म्हणून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार त्याच आठवड्यात जावी आणि पाहणी कुळवापूर्वी व्हावी, याकडे ग्रामपंचायत सदस्यांनीच लक्ष द्यावयास हवे. पावती, पिशवी आणि तिच्यावरची चिठ्ठी जपून ठेवावी. पंचनाम्यात लॉट क्रमांक, पेरणीची तारीख व खोली, मोजलेली रोपे आणि त्या दिवसांतला पाऊस लिहून घ्यावा. पावसाची नोंद राहून गेली, तर जमिनीत पुरेशी ओल नव्हती, हे उत्तर हमखास येते.