शिकारी कुत्र्याची बंडी

कुत्र्याची बंडी, हा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांना हंसूं येईल. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या पाठीवर झूल घालतात, घोड्यावर खोगीर चढवितात, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहोंत. पण कुत्र्यानें अंगांत बंडी घालावी, ही गोष्ट आपणांस श्रीमंतांच्या लाडांपैकीं एक वाटते. ज्या बंडीविषयीं मी आज बोलणार आहें ती मात्र लाडाची नव्हे. ती कष्टकरी जनावराची बंडी आहे, आणि तिची निवड चुकली तर प्रसंगीं त्या जनावराच्या जिवावर बेततें.

प्रथम ही बंडी लागते कोठें, तें पाहूं. उत्तर अमेरिकेंत कॅनडाच्या गवताळ प्रदेशांतील असंख्य तळ्यांवर उन्हाळ्यांत रानबदकें पिलें वाढवितात आणि थंडी पडूं लागली, कीं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यावरून थव्याथव्यांनीं दक्षिणेकडे निघतात. वाटेंत आर्कान्सा हें राज्य लागतें. तेथें स्टटगार्ट गांवाच्या आसपास भाताचीं शेतें आणि हिंवाळ्यांत पाण्याखालीं जाणारीं ओक वृक्षांचीं रानें आहेत. सरकारी परवाना घेऊन, नेमून दिलेल्या मोसमांत, या भागांत बदकांची शिकार करण्याची जुनी प्रथा आहे. शिकारी माणूस उजाडण्यापूर्वींच पाण्यांत उभा राहतो. पण त्याच्या अंगांत छातीपर्यंत येणारी, पाणी आंत न शिरूं देणारी विजार असते. त्याच्या शेजारीं लॅब्राडोर जातीचा कुत्रा असतो. पडलेला पक्षी पोहत जाऊन अलगद तोंडांत धरावा आणि मालकाच्या हातीं आणून द्यावा, हें त्याचें काम. एक पक्षी आणल्यावर दुसरा पडेपर्यंत ओल्या अंगानें वाऱ्यांत बसून राहावें, हेंही त्याचेंच काम. आणि या दोहोंपैकीं दुसरें अधिक कठीण आहे.

निसर्गानें या कुत्र्याला कांहीं दिलें नाहीं असें नाहीं. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राहणारे पाणकुत्रे होते. इंग्लंडच्या केनेल क्लबनें १९०३ सालीं लॅब्राडोर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर राठ व किंचित् तेलकट, आणि खालचा लोकरीसारखा मऊ. या खालच्या थरांत हवा कोंडून राहते व ती हवाच ऊब राखते. परंतु कुत्रा वारंवार पाण्यांत शिरूं लागला, कीं ही हवा निघून जाते आणि तिची जागा पाणी घेतें. हवेपेक्षां पाणी अंगांतील उष्णता सुमारें पंचवीस पट वेगानें ओढून नेतें. बाहेर आल्यावरही सुटका नाहीं. सुरईंतलें पाणी वाऱ्यावर ठेवलें म्हणजे गार होतें, हें आपण जाणतों. ओल्या कुत्र्याच्या अंगावरून वारा वाहूं लागला, कीं तोच न्याय त्याला लागू पडतो.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचें तपमान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें ९९ च्या खालीं उतरलें, कीं कुत्रा कुडकुडूं लागतो. पुढें चाल अडखळते, हांकेला उत्तर उशिरां येतें. तपमान नव्वदाच्या आसपास आलें म्हणजे कांपरें थांबतें. अजाण मालकाला वाटतें, कुत्रा आतां सावरला. वस्तुतः शरीरानें हार पत्करलेली असते.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. शिकविलेला कुत्रा नकार देत नाहीं. मीं माझें आयुष्य शाळेंत घालविलें. प्रत्येक वर्गांत एखादा असा विद्यार्थी असतो, कीं अंगांत ताप भरला असतांही तो फळ्याकडे पाहत निमूट बसून राहतो. गुरुजींनीं कपाळाला हात लावून पाहिल्याशिवाय तें कोणास कळत नाहीं. हा कुत्राही तसाच. ज्याचें जळतें त्याला कळतें, असें आपण म्हणतों. पण ज्याला कळतें त्याला बोलतां येत नसेल, तर दुसऱ्यानें त्याच्या वतीनें विचार केला पाहिजे. बंडी निवडणें म्हणजे हा विचार करणें होय.

आतां ही बंडी कशाची करतात तें सांगतों. निओप्रीन नांवाचें एक कृत्रिम रबर आहे. अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत तें १९३० सालीं प्रथम तयार झालें. पुढें १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनीं पाण्याखालीं काम करणाऱ्या माणसांसाठीं या रबराचा पोशाख सुचविला. त्यासाठीं रबर फुगवून त्याच्या अंगांत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडतात. हे बुडबुडे चोहोंकडून बंद असल्यामुळें त्यांत पाणी शिरत नाहीं. पाण्यांत भिजल्यावर केसांतील हवा जाते. या रबरांतील बुडबुडे जात नाहींत. शिवाय त्यांमुळें कुत्रा पाण्यावर थोडा अधिक तरंगतो व पोहण्याचे श्रम कमी होतात. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गोधडी जशी स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं, पांघरणाऱ्याची ऊब राखते, तशीच ही बंडी. गारठून गेलेल्या कुत्र्याला ती घातली, तर राखण्याजोगी ऊब उरलेली नसते. म्हणून ती पाण्यांत जाण्यापूर्वीं घालावयाची.

दुकानांत गेलेला मनुष्य प्रथम जाडी विचारतो. साधारणतः तीन व पांच मिलिमीटर जाडीच्या बंड्या मिळतात. पुष्कळ धांवणाऱ्या व मधून मधून पाण्यांत जाणाऱ्या कुत्र्याला तीन मिलिमीटरची पुरते; बर्फाळ पाण्यांत तासन् तास काम असेल तेथें पांच मिलिमीटरची घ्यावी. जाड बंडीनें खांद्याची हालचाल थोडी अडते, हें विसरूं नये. परंतु जाडीच्याही आधीं पाहावयाचें तें माप. नीट बसणारी तीन मिलिमीटरची बंडी ढगळ असलेल्या पांच मिलिमीटरच्या बंडीपेक्षां केव्हांही चांगली. ढगळ बंडींत मानेकडून पाणी शिरतें, पोटाशीं सांचतें, आणि ती बंडी न राहतां पखाल होते. कुत्र्यानें तें ओझें अंगावर घेऊनच पोहावयाचें! बुडालेल्या फांद्यांच्या रानांत ढगळ कांठ किंवा लोंबता पट्टा फांदींत अडकला, तर कुत्रा जागींच खिळून राहतो.

यासाठीं माप घरींच फितीनें घ्यावें. कुत्र्याला चारी पायांवर सरळ उभें करावें. पुढील पायांच्या लगेच मागें छातीचा जो सर्वांत रुंद भाग असतो, त्याचा घेर पहिला. मानेच्या बुडाचा घेर दुसरा. आणि पाठीची लांबी तिसरी. वजनावरून किंवा जातीवरून अंदाज करूं नये, कारण एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या छाती सारख्या नसतात. माप दोन आकारांच्या मधें आलें, तर छातीच्या घेराला मान द्यावा. वाढत्या पिलाचें आणि उन्हाळ्यांत सुस्तावलेल्या कुत्र्याचें माप दरवर्षीं नव्यानें घ्यावें.

बंडी घातल्यावर कांठाखालीं दोन बोटें सरकतील, पण सैल खेळणार नाहींत, इतपत ती अंगाला बिलगलेली असावी. नंतर पुढील पायांचीं भोकें पाहावीं. नवी वहाण चावते तशी नवी बंडी कांखेंत चावते, आणि ओल्या कातडीला घर्षणाची जखम लवकर होते. बहुतेक बंड्यांचे कांठ कात्रीनें थोडे कापतां येतात, त्या सोयीचा उपयोग करावा. पोटाचा भाग झांकलेला हवा. मात्र नर कुत्र्याला लघवीस अडथळा होणार नाहीं इतका तो मागें तोकडा असावा. बंद शक्यतों पाठीवर असावेत, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाहींत. पाठीवर बळकट मूठ शिवलेली असली, तर दमलेल्या कुत्र्याला नावेंत ओढून घेतां येतें.

एवढें झाल्यावर परीक्षा घ्यावी. प्रथम अंगणांत बंडी घालून कुत्र्याला फिरवावें, मग उथळ पाण्यांत न्यावें. बाहेर येतांच बंडींतून पाण्याची धार लागली, तर ती ढगळ आहे असें समजावें. अर्ध्या तासानें बंडी काढून कांखा, छाती व मान बोटांनीं चांचपून पाहावीं. कातडी लाल दिसली, तर बंडी बदलावी.

श्रोतेहो, पाण्यावरची बंडी रानांत चालत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. साउथ डकोटा राज्यांत फेझंट नांवाच्या पक्ष्याची शिकार होते. तेथें कुत्रा कोरड्या गवतांतून दिवसभर धांवतो. त्याला रबराची बंडी घातली, तर थंडींतही तो उकाड्यानें कासावीस होईल, कारण कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. त्याला भय थंडीपेक्षां कांट्यांचें व तारेच्या कुंपणाचें. म्हणून तेथें छाती व पोट झांकणारी, चिवट नायलॉनची हलकी बंडी वापरतात, आणि ती भडक नारिंगी रंगाची असते, म्हणजे उंच गवतांत कुत्रा चटकन् दिसतो व चुकून गोळीला बळी पडत नाहीं. पाण्यावरची बंडी मात्र बहुधा गवताच्या रंगाची असते, कारण वरून येणाऱ्या बदकांपासून लपावयाचें असतें. तात्पर्य, काम कोणतें हें ठरल्यावांचून बंडी ठरत नाहीं.

आणि उत्तम बंडी घेतली म्हणजे मालकाचें कर्तव्य संपलें, असें नाहीं. बंडी शेंपटी झांकीत नाहीं. थंड पाण्यांत फार पोहल्यावर कांहीं कुत्र्यांची शेंपटी दुखावून कांहीं दिवस लुळी लोंबते. बंडी पायही झांकीत नाहीं. म्हणून दोन फेऱ्यांच्या मधें कुत्र्याला बसण्यासाठीं पाण्याच्या वर फळी बांधावी व वाऱ्याकडून आडोसा करावा. काम संपतांच बंडी काढून अंग खसखसून पुसावें; ओली बंडी तशीच अंगावर ठेवून निजवूं नये. कुत्रा अडखळूं लागला किंवा हांकेला मंद झाला, तर त्या दिवसाची शिकार तेथेंच थांबवावी, त्याला कोरडें करून हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्याकडे न्यावें.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि तें योग्यच आहे. पण शिकारीसाठीं जोपासलेले कुत्रे आपल्याकडे आजही आहेत. कारवानी म्हणा किंवा मुधोळचा म्हणा, उंच, सडपातळ, आंखूड केसांचा हा कुत्रा आतां शेताची व घराची राखण करतो. मुधोळ कुत्र्याचें चित्र असलेलें तिकीट भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं काढलें. त्याच्या अंगावर ना लोकरीचा थर, ना चरबी. निफाडकडे हिंवाळ्यांत पारा पांच अंश सेल्सिअसच्या खालीं उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा रात्रीं तो उघड्या बांधावर बसतो. त्याला परदेशी रबराची गरज नाहीं. जुन्या घोंगडीचा तुकडा पुरे, कारण दंवानें ओलसर झाली तरी लोकर ऊब सोडीत नाहीं. मात्र नियम तेच: छातीचें माप घ्यावें, कांखेंत घासूं देऊं नये, बाभळींत अडकेल असा दोरा लोंबूं देऊं नये, आणि उन्हें वर आलीं कीं ती काढावी.

राखणदार आपली राखण करतो. त्याच्या अंगाला गारठा लागतो कीं काय, हें रात्रीं एकदां उठून हातानें चांचपून पाहणें आपल्याकडे लागतें.