आमच्या गावात किल्ला नाही, किल्ल्यात गाव आहे

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात म्हटलं होतं ना, की डिसेंबरात सायकल घेऊन गावाकडे फिरलो त्याची गोष्ट सांगेन. तर आज तीच. तीन दिवस, साधारण एकशेसाठ किलोमीटर आणि तीन किल्ले. चंद्रपूर, बल्लारपूर आणि गडचिरोलीतलं वैरागड. पण खरं सांगायचं तर ही गोष्ट चंद्रपुरात सुरू होत नाही. जपानमध्ये होते.

झालं असं की कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी तोक्योला पाठवलं होतं. एका शनिवार-रविवारी टीममधला एक जपानी सहकारी म्हणाला, चल, सायकलवर फिरू. आम्ही ट्रेननं मात्सुमोतोला गेलो, भाड्यानं सायकली घेतल्या, शेतांमधून फिरलो आणि शेवटी मात्सुमोतोचा किल्ला बघितला. काळाकुट्ट लाकडी किल्ला, भोवती पाणी, मागे बर्फाचे डोंगर. त्याला कावळ्याचा किल्ला असंही म्हणतात. आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. आणि जिने इतके उभे, की वर जाताना आपण चढतोय की झाडावर जातोय तेच कळत नाही.

मला किल्ल्यापेक्षा त्याची गोष्ट जास्त आवडली. सामुराईंचं राज्य गेलं आणि नव्या सरकारला हे किल्ले नकोसे झाले. १८७२ मध्ये या किल्ल्याचा चक्क लिलाव झाला. म्हणजे आता पाडणार आणि सामान विकणार. तेव्हा त्याच गावातला इचिकावा र्योझो नावाचा एक माणूस पुढे आला. त्यानं किल्ल्यातच प्रदर्शनं भरवली आणि त्या पैशातून किल्ला सोडवला. तो काही राजा नव्हता, त्याच्याकडे सैन्यही नव्हतं.

हे वाचत उभा होतो तेवढ्यात सहकाऱ्यानं सहज विचारलं, "तुझ्या गावात आहे का असं काही?"

आणि मी म्हणालो, "नाही, विशेष काही नाही. एक जुनी भिंत आहे."

आता ही "जुनी भिंत" म्हणजे काय ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा मला किती शिव्या द्यायच्या.

चंद्रपूर, म्हणजे जुनं चांदा, ही गोंड राजांची राजधानी. बहुतेक ठिकाणी गाव खाली असतं आणि किल्ला वर डोंगरावर. आमच्याकडे उलटं आहे. गावाभोवतीच तट. आम्ही त्याला परकोट म्हणतो. गावकरी सांगतात की लांबी अकरा किलोमीटर. चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा. आणि पाच छोट्या खिडक्या. खिडकी म्हणजे घराची नाही हो, तटातला लहान दरवाजा. त्यांची नावं ऐका: हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, मसण खिडकी, बगड खिडकी. नुसत्या नावांवरून कळतं की कोणत्या खिडकीतून कोण जात असेल.

दरवाज्यांवर सिंहानं हत्तीला दाबून धरल्याचं शिल्प आहे. ती गोंड राजांची खूण. लहानपणी मी रोज जटपुरा गेटमधून शाळेत जायचो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की रिक्षात बसून त्या सिंहाकडे बघायचो आणि वाटायचं, हा नगरपालिकेनं लावला असेल.

आजी मात्र गोष्ट सांगायची. खांडक्या बल्लाळशहा राजाला अंगभर फोड होते. तो शिकारीला गेला, तहान लागली, झरपटच्या पात्रातल्या एका डबक्यातलं पाणी प्यायला, तोंड धुतलं, आणि फोड बरे व्हायला लागले. पुढे तिथेच अंचलेश्वराचं देऊळ झालं. मग एक दिवस राजाला दिसलं, की एक ससा कुत्र्याच्या मागे लागलाय! कुत्रा पळतोय आणि ससा पाठलाग करतोय. सशाच्या कपाळावर पांढरा चांद. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे, ससा जिथून धावला तिथून तट बांधा. ही दंतकथा आहे, पण आजही तटाची वळणं बघितली की वाटतं, सरळ रेषेत चालणाऱ्या माणसानं हे आखलेलं नाही.

तट पुरा व्हायला काही पिढ्या लागल्या. आत बीरशहा राजाची समाधी आहे. ती त्याच्या राणीनं, राणी हिराईनं बांधली. म्हणजे इकडे बायकोनं नवऱ्यासाठी स्मारक उभारलंय. १७५१ मध्ये राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला.

आणि हे सगळं असताना मी तिकडे परदेशात सांगतो, एक जुनी भिंत आहे.

का सांगितलं असेल? लाज वाटली म्हणून. किल्ल्याची नाही, स्वतःची. आमचं घर तटापासून शंभर पावलांवर. संध्याकाळी घरातला कचरा पिशवीत बांधून तटापलीकडे टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी सहावीत असल्यापासून. पिशवी जोरात फिरवायची आणि बुरुजावरून भिरकावायची. कोणाची लांब जाते याची आमची स्पर्धा असायची. सगळी गल्लीच टाकायची, त्यामुळे त्यात काही वाईट आहे असं कधी मनातही आलं नाही.

मग २०१७. मी नागपूरला बीटेक करत होतो. मे महिन्यात घरी आलो. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. सकाळी बघतो तर तटावर पोरं. हातात कुदळ, फावडं, कुऱ्हाड. इको-प्रो या संस्थेनं त्या मार्चपासून किल्ला साफ करायचं काम हाती घेतलं होतं. रोज सकाळी काही तास, झाडोरा तोडायचा, माती उपसायची, कचरा काढायचा. त्यात माझा शाळेतला एक मित्र होता.

त्यानं वरून हाक मारली, "ये ना बे, एक घंटा तं दे!"

मी म्हटलं, "पेपर आहेत रे."

पेपर संपले होते. तेच पेपर देऊन मी घरी आलो होतो.

घरी जाऊन हसलोसुद्धा. म्हटलं, एवढा मोठा तट, हे दहा-वीस जण किती साफ करणार? त्याच वर्षी "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं, तेव्हा मी हॉस्टेलवर सगळ्यांना अभिमानानं दाखवत होतो: बघा, आमचं चंद्रपूर! बोलायला मी पुढे होतो, फावडं घ्यायला नव्हतो.

तर मात्सुमोतोहून परत आलो आणि त्याच मित्राला फोन केला. म्हटलं, सायकलवर आपले किल्ले बघू. तो एवढंच म्हणाला, "आता वेळ मिळाला काय तुले?" आणि तयार झाला.

पहिला दिवस बल्लारपूर. दक्षिणेकडे रेल्वेनं गेलेल्या प्रत्येकानं बल्लारशाह स्टेशन बघितलंय, पण वर्धा नदीच्या काठावरचा किल्ला फार कमी जणांनी. चंद्रपूरच्या आधी राजधानी इथे होती. थंडीत नदी शांत असते. बुरुजावर बसून आम्ही डब्यातला वडाभात खाल्ला आणि अंधार पडायच्या आत परत आलो.

दुसरा दिवस मोठा. चंद्रपूर ते गडचिरोली, ऐंशी किलोमीटर. आई म्हणाली, आठच्या आधी निघायचं नाही आणि चारनंतर जंगलात राहायचं नाही. तुम्हाला वाटेल आई उगाच घाबरते. पण लोहाऱ्यापासून पुढे चिचपल्लीपर्यंत दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि ते वाघांचं आहे. एका चहावाल्यानं आमच्या सायकली बघून विचारलं, "मोटरसायकल नाही भेटली काय?" मित्र म्हणाला, "व्यायाम करून राहिलो, काका." काका म्हणाले, "वाघ मागं लागला की होते व्यायाम."

मूलच्या पुढे जंगल उघडतं आणि धानाची शेतं लागतात. कापणी झालेली होती, मळणीचा धुरळा उडत होता. आणि दर थोड्या अंतरावर एक तलाव. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची, असं जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय. मला हे फार भारी वाटलं. तट बांधणारे राजे लोकांकडून पाणीही बांधून घेत होते. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा.

तिसरा दिवस आरमोरीमार्गे वैरागड. इथे हिऱ्यांची खाण होती, "आईन-ए-अकबरी"तसुद्धा तिचा उल्लेख आहे. गावात एका आजोबांना विचारलं, हिरे कुठे सापडायचे? ते म्हणाले, "सापडले असते तं मी इथं बसलो असतो काय?" आणि उलट आम्हालाच विचारलं, "हत्ती दिसले काय रस्त्यात?" २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती या भागात फिरतात. चंद्रपूरच्या दरवाज्यावर सिंहानं दाबलेला हत्ती बघत मी मोठा झालो, इथे लोक खऱ्या हत्तीच्या भीतीनं धानाची राखण करतात.

वैरागडचा किल्ला शांत आहे. खंदक, दरवाजा, तट आणि दगडांच्या फटीत शिरलेली मुळं. मी एका मुळाचा फोटो काढत होतो. मित्र म्हणाला, "हे मूळ सुरुवातीला दोऱ्याएवढं असते. तेव्हा हातानं उपटता येते. मग कुऱ्हाड लागते. मग काढलं की भिंतच येते खाली."

आमच्या कामात जुना कोड असतो ना, तसंच. चालतोय म्हणून कोणी हात लावत नाही, आणि एक दिवस हात लावायची सोयच उरत नाही. इंग्रजांना तट फोडायला तोफा लागल्या. आपल्याला एक पिंपळ पुरतो. नाहीतर रोजची एक पिशवी.

येताना हत्ती काही दिसला नाही, पण गडचिरोलीपर्यंत एक छोटा हत्ती मिळाला, टाटावाला. त्यात सायकली टाकल्या आणि पुढे एसटीनं घरी.

आता शेवटचं. रविवारी सकाळी मित्र मला तटावर घेऊन गेला. वरून चालायला वाट केलीय. आत सगळं गाव, बाहेर नदीकडची झाडं. आमच्या घराजवळचा बुरुज आला. मी म्हटलं, दे फावडं. तासभर माती आणि प्लास्टिक उपसलं. पिशव्यांचे थरच्या थर. कुठला थर माझा असेल, हाच विचार चालला होता.

तेवढ्यात खालून एक पिशवी उडत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर पडली.

खाली बघतो तर आमच्या शेजारच्या काकू. मी ओरडलो, "काकू, अवो इथं नका टाकू! किल्ला आहे हा!"

त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि म्हणाल्या, "तू व्हय रे? लग्न होऊन आले तेव्हा ही जागा तुझ्या आजीनंच तं दाखवली मले."

मित्र हसून हसून खाली बसला. मला मात्र काय बोलावं सुचेना. ज्या आजीनं मला सशाची गोष्ट सांगितली, तिनंच कचऱ्याची जागाही दाखवली होती. तिच्यासाठी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि किल्ला तिचा होता म्हणूनच ती त्याला घरासारखं वापरत होती. मागच्या अंगणासारखं. जपानमध्ये मला ज्याची लाज वाटली, ते असं आमच्या घरातच होतं. आता काकूंना कुठल्या तोंडानं रागावू?

रागावलो नाही. ती पिशवी उचलली, खाली उतरलो आणि काकूंच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "काकू, घंटागाडी किती वाजता येते?" त्या म्हणाल्या, "येते नऊ वाजता. पण तेव्हा मी अंघोळीला असतो." मग ठरलं, की पिशवी दाराबाहेर खिळ्याला अडकवायची आणि आमच्या घरून कोणीतरी ती गाडीत टाकायची. पहिले काही दिवस आईनं टाकली. आता म्हणे बाबा टाकतात. काकू अधूनमधून विसरतात, तेव्हा पिशवी परत बुरुजावर दिसते. पण रोज नाही.

मी पुण्यात बसून काय करतो? गावी गेलो की एक सकाळ तटावर जातो. तेवढंच. इचिकावासारखं माझ्या हातून काही व्हायचं नाही, हे मला माहितीय. आणि त्या जपानी सहकाऱ्याला मी फोटो पाठवला, जटपुरा गेटचा, ट्रॅफिकसकट. त्यानं लिहिलं, "पण हा तर चालू आहे!" बरोबर आहे त्याचं. चालू आहे. त्यातून रोज बस जाते, रिक्षा जाते, पोरं शाळेत जातात.

तुमच्या गावातही अशी एखादी "जुनी भिंत" असेल तर मला सांगा. आणि सांगायच्या आधी एकदा तिच्या मागच्या बाजूला जाऊन बघा, तिथे काय पडलंय ते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा बघूनच निघा.